मिठाचं काडतूस

“चोराला पळवायचंय का त्याचं लोणचं घालायचंय?” मामांनी विचारलं.

मामा म्हणजे माझे सासरे. अंगणात बाराची बंदूक सांध्यात मोडून, नळी खाली झुकवून ते उभे होते. नळीतून अजून धूर येत होता आणि तीस पावलांवर बाभळीला टांगलेलं खताचं पोतं जागचं हललंसुद्धा नव्हतं. आवाजानं दचकून पळालेली आमची शेळी हळूहळू परत आली, तिनं पोत्याचा वास घेतला आणि ते चाटायला लागली.

“हेच पायजे,” आत्ती, म्हणजे सासूबाई, ओट्यावरून म्हणाल्या. “आवाज हुईल, अंगाला झोंबंल, जाईल पळून. कुणाच्या तरी आईचं लेकरूच असंल की त्ये.”

“त्या लेकरानं साळुंख्याच्या म्हातारीच्या कानाच्या पाळ्या तोडून नेल्या.”

“म्हून आपुन त्येचा जीव घ्यायचा व्हय?”

मामांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडं बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

याला आता चोवीस वर्षं झाली. साळुंख्यांची वस्ती आमच्यापासून दीड मैलावर. त्या दुपारच्या चार दिवस आधी दिवेलागणीला तिथं दोघं आले, पाणी मागितलं, आणि म्हातारी तांब्या आणायला वळली तेवढ्यात घरात शिरले. तेव्हापासून त्या माळावर सूर्य कलला की दारं लागायला लागली. ओळखीच्या माणसालासुद्धा लोक खिडकीतून तीन प्रश्न विचारल्याशिवाय कडी काढत नव्हते.

आमची वस्ती म्हणजे एकच घर. मागं डाळिंबाची बाग, शेजारी गोठा, अर्ध्या फर्लांगावर रस्ता. आमचे हे टेम्पो घेऊन हैदराबादच्या खेपेला गेले होते, ते आठवडाभर येणार नव्हते. घरात मामा, गुडघे धरलेल्या आत्ती, मी आणि चौदा महिन्यांची ज्योती. बंदूक होती, पण ती धरायची तर घरात डोळे फक्त माझे होते.

परवाना मामांचा, रानडुकरांपासून पीक राखायचा. मी तिला हात लावणं कायद्यात बसत नव्हतं. पण कायदा तालुक्याला होता आणि आम्ही माळावर. मामांनी मला दोन दुपारी घालून शिकवलं. बंदूक मोडायची कशी, काडतूस घालायचं कसं, दस्ता खांद्यात रुतवायचा कसा. शेवटी माझं बोट धरून चापावर ठेवलं आणि म्हणाले, “ह्यो वडला की मागं घेता येत न्हाई. बाकीचं इसरलीस तरी चालंल.”

मिठाचं खूळ आत्तींचं. पूर्वी कुणी तरी मळेकरी आंबेचोरांसाठी काडतुसातले छर्रे काढून खडेमीठ भरायचा, ते त्यांनी लहानपणी बघितलं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. मामा फॉरेस्टात गार्ड असताना त्यांनी एका लाकूडचोराच्या पायात छर्रे घातले होते. तो माणूस पुढं वीस वर्षं आठवडी बाजारात लंगडत भाजी विकत होता. आत्ती भाजी त्याच्याकडूनच घ्यायच्या. बाजारात हिरव्या मिरचीला घासाघीस करणारी ही बाई त्याच्यासमोर मुकाट पदराची गाठ सोडायची. तो ओळखत नव्हता, त्या ओळखत होत्या.

शेवटी तोड निघाली. डब्यात आठ काडतुसं होती. चारांत मीठ भरलं. त्यातलं एक पोत्यावर वाया गेलं, म्हणजे शेळीच्या कामी आलं. उरली तीन मिठाची, चार छर्ऱ्यांची.

“पयलं मिठाचं घालायचं,” मामा म्हणाले. “त्येनं न्हाई ऐकलं तर मग दुसरं.”

“पण वळखायचं कसं?” मी विचारलं. सगळी एकसारखीच, लाल नळकांडं आणि पितळी बूड.

आत्ती देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन आल्या, तेलाच्या थेंबात कालवलं आणि तीन पितळी बुडांवर तीन ठिपके दिले.

“कुंकवाचं त्ये मिठाचं,” मामा म्हणाले. “बिनकुंकवाचं त्ये मरणाचं.”

“दिवेलागणीचं वंगाळ बोलू नगा.”

“दुपार हाय.”

“मग दुपारचं बी बोलू नगा.”

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. मी त्या दिवशी बाहेरची होते. गोठ्याशेजारच्या खोलीत माझं ताट, माझा तांब्या, माझी वाकळ. ज्योती दर तासाला दूध प्यायला माझ्याकडं यायची आणि परत जायची, विटाळ तिला तेवढा माफ होता. पूजा आत्तींनीच केली. मला आतली घंटा ऐकू आली, कापराचा वास आला, आणि मामा आरतीत नेहमीसारखे एक कडवं गाळून पुढं गेले तेही कळलं. मी घरात आले तेव्हा विळे, कुऱ्हाड, बंदूक सगळं धुऊनपुसून, झेंडूची फुलं लेवून आपापल्या जागी बसलं होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मामांना डोळ्यांच्या तपासणीला तालुक्याला जायचं होतं. मुक्काम नणंदेकडं. जाताना तीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

“डबा कुठं ठेवलाय?”

“फडताळात, मामा.”

“बंदूक मोकळी हाय न्हवं?”

“मोकळी हाय. लागली तर भरते.”

“लागू नये,” ते म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी म्हैस पिळत होते. सूर्य टेकला होता, उजेड अजून होता, पण माणसाचा चेहरा लांबून कळेल असा नव्हता. कुत्रं भुंकायला लागलं. कोल्ह्यावर भुंकतं तसं नव्हे. एकाच दिशेला तोंड करून, मागं सरत.

मी उठून बघितलं. डाळिंबाच्या ओळींतून माणूस येत होता. रस्त्यानं नाही, मागून. अंगावर घोंगडं, हातात काठी, कमरेत वाकलेला. घोंगड्याखाली पोटाशी काही तरी धरलेलं.

“कोण हाय?” मी ओरडले.

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, हे मला स्वच्छ दिसलं. आणि काही न बोलता मान खाली घालून पाय उचलला.

दुधाची चरवी तिथंच कलंडली. मी घरात गेले. आत्तींनी आवाज ऐकलाच होता, ज्योतीला कडेवर घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिच्या तोंडावर त्यांचा तळवा होता. मी फडताळातून डबा काढला, उजेडासाठी दाराकडं आले, कुंकू बघितलं आणि काडतूस नळीत घातलं. अजून कुंकवाची दिसली ती न मोजता उचलून ओच्यात टाकली. बंदूक मिटली. तिचा तो खटका मला अजून ऐकू येतो, कुकरचं झाकण बसतं तेव्हा.

दार लावावं असं मनात आलं. पण आमच्या दाराला आतून नुसती साखळी, आणि खिडकीचा एक गज गेल्या वर्षीच निखळला होता. मी ओट्यावर आले.

“थांब तितंच. बंदूक हाय.”

तो थांबला नाही. पंचवीस पावलं. वीस.

मी भ्यायले होते. पण हात थरथरत नव्हता. हे मला तेव्हाच कळलं आणि नवल वाटलं. हात गोफणीनं पाखरं हाकताना असतो तसा होता. मीठच तर होतं.

“मार की,” आत्ती माझ्या मानेपाशी कुजबुजल्या. “मीठच हाय. मार.”

“येऊ द्या जरा. लांबून शेळी चाटती.”

“मग जवळ आला की तोंडावर मार. डोळं गेलं की कुठं पळंल?”

हे आत्ती बोलल्या. लंगड्याकडून भाव न करता भाजी घेणाऱ्या आत्ती.

पंधरा पावलं. मला वाटलं, एकानं नाही भागलं तर दुसरं हाताशी असावं. डाव्या काखेत नळी दाबून मी ओच्यात हात घातला. बोटांना एक लागलं, दुसरं लागलं. तिसरं. चौथं. मी हात बाहेर काढला आणि तळव्यावर बघितलं. चारही बुडांवर कुंकू. आणि एक नळीत.

तीनच होती मिठाची.

“आत्ती,” मी मान न वळवता म्हणाले, “नवमीला काडतुसं पुजली हुती?”

“पुजली की.”

“कुंकू लावलं?”

“लावलं की समद्यांस्नी. देवाफुडं मांडल्यावर ह्येला लावायचं न् त्येला न्हाई, आसं करत्यात व्ह...”

मानेवर लागणारा त्यांचा श्वास थांबला.

तो पाण्याच्या हौदापाशी आला होता. दहा पावलं. काडतुसं ओच्यात टाकून मी नळी पुन्हा त्याच्या छातीवर धरली होती. आता मात्र हात कापायला लागले. मघाशी काठीसारखी वाटणारी ती बंदूक एकाएकी जात्याच्या तळीसारखी जड झाली. आणि माझं बोट चापावर होतं. नुसतं टेकलेलं नव्हतं, थोडं ओढलेलं होतं. ते कधी ओढलं ते मला सांगता येणार नाही. ते मला तिथून सोडवून घ्यावं लागलं, लहान मुलाच्या मुठीतून विळा काढून घ्यावा तसं.

सात पावलं. सहा.

“बाबा, थांब,” मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच. “पाया पडते तुज्या, थांब. ह्यात काय हाय मला ठावं न्हाई. थांब रं.”

त्यावर तो थांबला. बंदुकीला नाही थांबला, रडण्याला थांबला. चार पावलांवर. मग गुडघ्यावर बसला, काठी बाजूला टाकली आणि घोंगडं उघडलं.

आत चारेक वर्षांची मुलगी होती. कपाळ घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. तिचं डोकं नेमकं तिथं होतं, जिथं मघाशी मी नळी रोखली होती.

“इचू चावला, ताई,” तो म्हणाला. “लाल. दगूड उचलाय गेली. हातपाय गार पडल्यात.”

“मग हाक का न्हाई मारलीस?” मी ओरडलेच. “तोंड शिवलं हुतं व्हय तुजं?”

“दोन वस्त्यांवर मारल्या हाका. आमची बोली ऐकली की आतनं कड्या लागत्यात. म्हून म्हटलं, हाक न मारताच जावं. दारात पोचल्यावर पोर बघून तरी कुणी हाकलणार न्हाई.”

तो मायाप्पा. मेंढरं घेऊन ओढ्याकाठी उतरलेला धनगर. चार दिवस तिथंच होता, त्याच्या चुलीचा धूर आम्हाला दिसत होता आणि त्या धुरालाही आम्ही भीत होतो.

मी बंदूक मोडली, काडतूस काढून देवळीत वाटीत ठेवलं, सगळ्यांपासून वेगळं. आत्ती ज्योतीला खाली ठेवून पोरीचे तळपाय घासायला लागल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“दूधगाडी,” त्या एवढंच म्हणाल्या.

दुधाचा टेम्पो याच वेळेला रस्त्यानं जायचा. पण त्या आठवड्यात तो वाटेत कुणासाठी थांबत नव्हता. दिवे दिसले तशी मी धावले. हातात काय आहे याचं भान नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण होतं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि बंदूक वर केली.

करकचून ब्रेक लागले. गणपा ड्रायव्हरनं दोन्ही हात काचेला टेकवले.

“वहिनी,” तो म्हणाला, “नुसतं दूध हाय बगा. त्ये बी म्हशीचं.”

“पोरीला इचू चावलाय. दवाखान्यात न्यायची.”

मागून मायाप्पा पोरीला घेऊन धापा टाकत आला. गणपानं त्याचं घोंगडं बघितलं, मुंडासं बघितलं.

“ह्यो कोण?”

“माजा भाऊ हाय.”

“कुठल्या गावचा?”

“गणपा, कॅन सरकीव.”

त्यानं कॅन सरकवले. नळी रिकामी होती, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्या बंदुकीनं आमच्या घरात केलेलं खरं काम म्हणायचं तर ते एवढंच.

ती रात्र आम्ही दोघींनी ज्योतीला मधे घेऊन काढली.

सकाळी त्याच टेम्पोतून मामा आले. गणपानं त्यांना निम्मं सांगितलं होतं, निम्मं दवाखान्यात मायाप्पानं. “पोर वाचली,” मामा उतरता उतरता म्हणाले. “सलाईन लावलंय. घाम थांबला.” मग काठी टेकत अंगणात आले आणि म्हणाले, “शालन, नळीत घातलं हुतं त्ये काडतूस कुठाय?”

मी वाटी आणून दिली.

“तू कुठं हुतीस?”

“हितं, ओट्यावर.”

“आन् त्यो?”

मी खाली उतरून दाखवलं. मायाप्पाच्या गुडघ्यांचे ठसे मातीत अजून होते. मामांनी तिथं पाटी पालथी घातली, तिच्यावर दुसरी रचली आणि छपरावरचा भोपळा उतरवून वर ठेवला. माणूस पोर पोटाशी धरून बसला तर पोरीचं डोकं जेवढ्या उंचीवर येईल, तेवढ्या उंचीवर. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्ही दोघींनी ते ओळखलं. आत्तींनी ज्योतीला आत नेऊन पाळण्यात टाकलं आणि परत येऊन खांबाला धरून उभ्या राहिल्या.

“मामा, तुमाला दिसतंय का?”

“एवढ्यावर आंधळ्यालाबी दिसतंय.”

वाटीतलंच काडतूस घालून, चार पावलांवरून त्यांनी चाप ओढला.

आवाज विरला तेव्हा भोपळ्याला समोरून मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. मागची बाजू फुटून बिया हौदाच्या भिंतीला चिकटल्या होत्या. मी मागं सरून ओट्यावर बसले.

“शिसंच हुतं,” मी म्हणाले. “देवानं राखलं.”

आत्ती खांब सोडून पायऱ्या उतरल्या. गुडघे न धरता, सरळ. त्यांनी भोपळ्याची एक फोड उचलली, उजेडात धरली, बोट फिरवलं. मग ते बोट जिभेला लावलं.

पुन्हा एकदा बोट फिरवून चाखलं.

“मीठ हाय,” त्या म्हणाल्या.

मामांनी बंदूक मोडली. रिकामं नळकांडं खाली पडलं. “तीस पावलांवर शेळी चाटती,” ते म्हणाले, “आन् चार पावलांवर ह्ये. मधी कुठं तरी चोर हुबा ऱ्हायला पायजे, बरुबर मापून.”

आत्ती भोपळ्याच्या फोडी गोळा करायला लागल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली. अर्जात लिहिलं, डोळ्यांमुळं. पुढं महिन्याभरानं साळुंख्यांकडचे ते दोघं सापडले. मोटारसायकलवरून फिरणारी, इस्त्रीचे कपडे घालणारी माणसं निघाली. आणि आमच्या घराची राखण? आत्तींनी मायाप्पाला निरोप धाडला की दरसाल दसऱ्याला मेंढरं आमच्याच रानात बसवायची. मेंढरांबरोबर त्याची चार कुत्री आली. तसली कुत्री असल्यावर चोर काय, गणपासुद्धा टेम्पोतून उतरत नसे.

मामा गेले, मागोमाग आत्ती गेल्या. मायाप्पाही थकला. आता मेंढरं घेऊन सुंदी येते. तीच ती, विंचू चावलेली पोर. लग्न झालं, नवरा तिच्यापेक्षा बुटका आहे म्हणून ती त्याला फार जपते. मला मावशी म्हणते, आणि दरवर्षी मी आमच्या घरात भोपळा का शिजत नाही ते विचारते. मी सांगते, पोट बिघडतं.

यंदाच्या नवमीला मी पूजा मांडली होती. विळे, खुरपी, फवाऱ्याचा पंप. सुंदी शेजारी बसून झेंडूच्या पाकळ्या सुट्ट्या करत होती.

“मावशे, बा सांगतुया, त्या दिशी तू बंदूक धरून रडत हुतीस.”

“हुते की.”

“आन् आत नुसतं मीठ हुतं म्हणं.”

“हं.”

“मग एवढं काय भ्यायचं?” ती हसायला लागली. “मारायची की उलीसं. मिठानं काय हुतंय?”

त्या नवमीला आत्तींनी निवडून कुंकू लावलं असतं, तर मी मारलीच असती. तोंडावर. खात्रीनं.

“काय न्हाई हुत,” मी म्हणाले.

विळ्याला लावलं, खुरप्यांना लावलं, पंपाला लावलं. बोटाला थोडं कुंकू उरलं होतं, ते तिच्या कपाळाला टेकवायला मी हात पुढं केला. ठिपका जरा तिरका लागला.